गेट सोडणाऱ्याला शून्य का?

तळ्याच्या काठावर लोक उभे असतात, हातात फोन. वरून एक जण येतो, पॅराशूट कधीच उघडलेलं, सगळं नीट, पण शेवटच्या वळणातून तो इतका खाली निघतो की बघणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. आधी पाय पाण्याला लागतात, मग गुडघे, मग अख्खा माणूस, दोन-तीन कोलांट्या, पाण्याचा मोठा फवारा, आणि मागून कापड येऊन त्याच्यावरच पडतं. दोन सेकंद सगळे गप्प. मग कापडाखालून एक हात वर येतो, अंगठा दाखवतो, आणि काठावर जो आरडाओरडा होतो तो पहिल्या नंबरालासुद्धा मिळत नाही.

त्याच स्पर्धेत दुसरा एक जण वळण अर्ध्यात सोडून देतो. त्याला वरच कळलेलं असतं की आज हिशोब चुकलाय, आपण शंभरएक फूट खाली आहोत, हे जमायचं नाही. तो हात ढिले करतो, गेटच्या, म्हणजे जिथून मोजणी सुरू होते त्या खुणांमधल्या जागेच्या, वरून तरंगत जातो, पलीकडे गवतावर अलगद उतरतो, कापड गोळा करून चालायला लागतो आणि बोर्डवर त्याच्या नावापुढे शून्य लागतो. टाळ्या नाहीत. व्हिडिओ तर कुणी काढत नाही, काढलाच तरी टाकत नाही, कारण त्यात बघण्यासारखं आहे काय.

मला या दुसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय. स्वूपिंगमधल्या, म्हणजे पॅराशूटने असं जमिनीलगत सुसाट उतरण्याच्या खेळातल्या, अपघातांचा विषय निघाला की बोटं पायलटकडेच जातात, लोभ नडला, खाली वळला, आपटला. बरोबर आहे, वळला तोच. पण ज्या नियमात वेळेवर सोडणाऱ्याला भोपळा आणि कसंबसं निभावून नेणाऱ्याला भरपूर मार्क, तो नियमही त्या वळणात त्याच्या खांद्यावर बसलेला असतो असं मला वाटतं. आणि माणसाचा लोभ काढून टाकणं काही आपल्या हातात नाही, नियम मात्र आहे. आधीच सांगतो, मी स्वतः स्वूपर नाही, काठावरून बघणाऱ्यातला आहे, त्यामुळे 'तू कधी टर्न मारलायस का' हा प्रश्न येणार हे गृहीत धरूनच लिहितोय. नाही मारला. पण आरडाओरडा करणाऱ्यांत मी होतो, आणि तो कुणासाठी केला आणि कुणासाठी नाही केला हे मला आठवतं.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं. पॅराशूट म्हटलं की अजून अनेकांच्या डोळ्यापुढे गोल छत्री येते, पण खेळातून ती कधीच गेली. १९६० च्या दशकात डोमिना जाल्बर्ट या माणसाने हवेनेच फुगून आकार घेणारा कापडी पंख काढला आणि आजची सगळी स्पोर्ट पॅराशूटं त्याचीच पुढची पिढी. म्हणजे डोक्यावर छत्री नसते, विमानाचा पंख असतो, फक्त इंजिन नसतं. पंख आहे म्हटल्यावर त्याला डाइव्ह देता येतो, डाइव्हमध्ये वेग येतो, आणि जमिनीजवळ तो वेग आडवा केला की माणूस गवताला किंवा पाण्याला चिकटून सुसाट जातो. हा झाला स्वूप. अधिकृत नाव कॅनोपी पायलटिंग, कॅनोपी म्हणजे हाच कापडी पंख. एफएआय, म्हणजे हवाई खेळांची जागतिक संघटना, तिने २००६ मध्ये व्हिएन्नाला याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली, पुढे तो वर्ल्ड गेम्समध्येही दिसला, २०१७ ला पोलंडमधल्या व्रोत्सवाफला होता. डिस्टन्समध्ये, म्हणजे किती लांब जाता त्यात, २०० मीटरच्या पलीकडे गेलेले लोक आहेत, आणि स्पीडमध्ये ७० मीटरचा वाकडा कोर्स अडीच सेकंदांच्या आत काढणारे लोक आहेत. एक माणूस, डोक्यावर कापड, आणि ताशी शंभर किलोमीटरपेक्षा बराच जास्त वेग, जमिनीपासून फूट दोन फूट. बघायला अप्रतिम असतं, त्यात वादच नाही.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच खरं तर. पॅराशूटच्या अपघाताची बातमी आली की पहिला प्रश्न असतो 'उघडलं नाही का?'. उघडलेलं असतं हो. व्यवस्थित उघडलेलं, काहीही बिघाड नसलेलं पॅराशूट डोक्यावर असताना लोक मरतात किंवा मोडतात. अमेरिकेतल्या युएसपीए या पॅराशूटवाल्यांच्या संघटनेकडे वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत. १९७० च्या दशकात तिकडे वर्षाला सरासरी ४० च्या वर माणसं जायची, २०२३ मध्ये साधारण ३६ लाख ५० हजार उड्यांमागे १० गेली. केवढी सुधारणा आहे ही! रिझर्व्ह म्हणजे राखीव पॅराशूट सुधारलं, पाठीवरचा कंटेनर सुधारला, माणूस विसरला तर आपणहून रिझर्व्ह उघडणारी एएडी पेटी आली, शिकवण्याची पद्धत बदलली. मशीनने सोडवता येणारे प्रश्न बरेचसे सुटले. उरलेल्यात लँडिंग हा मोठा आणि चिवट तुकडा आहे, आणि लँडिंगमध्ये खाली मारलेलं वळण. कधी ते घाबरून मारलेलं असतं, समोर कुणीतरी आलं म्हणून, आणि कधी मुद्दाम, वेगासाठी.

मुद्दाम मारलेल्या वळणात नक्की काय होतं ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं पटणार नाही, म्हणून जरा तपशिलात जातो. स्पर्धेतला पायलट हजार फुटांच्या वरसुद्धा टर्न चालू करतो, २७० डिग्री, ४५०, ६३०, काही त्याहून जास्त. आधी पुढचे रायझर, म्हणजे पंखाच्या दोऱ्या ज्यांना जोडलेल्या असतात ते खांद्यावरचे पट्टे, ओढायचे, म्हणजे पंखाचं नाक खाली जातं, मग एका बाजूला झुकायचं, पंख डोक्यावरून बाजूला जातो आणि माणूस त्याच्याभोवती गोफणीतल्या दगडासारखा फिरतो. खाली यायचा वेग यात सेकंदाला ३० मीटरच्या आसपास किंवा वर जातो. टर्न संपला की पंख आपोआप माणसाच्या डोक्यावर परत येऊ लागतो, डाइव्ह हळूहळू सपाट होतो. या वाकड्या वाटेला रिकव्हरी आर्क म्हणतात आणि ती प्रत्येक कॅनोपीची वेगळी, हवेप्रमाणे वेगळी, वजनाप्रमाणे वेगळी. ही वाट जिथे सपाट होते ती जागा जमिनीच्या बरोबर वर आली तर स्वूप, जमिनीच्या खाली आली तर अपघात. इतकं साधं आहे ते आणि इतकंच भयंकर.

सेकंदाला ३० मीटर म्हणजे काय, तर अर्धा सेकंद उशीर झाला की १५ मीटर गेले, पाच मजली इमारतीची उंची. वेग चौपट झाला की आदळण्याची ऊर्जा सोळापट होते, त्यामुळे शिकाऊ माणूस चुकला तर घोटा मुरगळतो आणि स्वूपर चुकला तर मांडीचं हाड, कंबर, मणके. या लोकांच्या बोलण्यात 'फीमर', म्हणजे मांडीचं हाड, हे क्रियापद झालंय, अमका परवा फीमर झाला असं हसत हसत म्हणतात.

शिवाय या लोकांची कॅनोपी रुमालाएवढी. विंग लोडिंग म्हणजे सामानासकट माणसाचं वजन भागिले कापडाचं क्षेत्रफळ, पौंडाला स्क्वेअर फुटाने भागायचं. शिकाऊ माणसाचं १ च्या आसपास किंवा कमी, स्पर्धकांचं २ च्या पुढे, काहींचं ३ जवळ. वर आणि वेग हवा म्हणून शिशाची वजनं अंगाला बांधतात, वाऱ्याला अडथळा नको म्हणून स्लायडर आणि डिप्लॉयमेंट बॅग या फक्त उघडताना लागणाऱ्या गोष्टीसुद्धा काढून टाकता येतील अशी सोय करतात. चुकीला जागा ठेवणारी एकेक गोष्ट स्वतःच्या हाताने काढत जायची असा हा खेळ आहे, आणि ते त्यांना पूर्ण माहीत असतं. मूर्ख लोक नाहीत हे. उलट मी पाहिलेल्या कुठल्याही खेळातल्या माणसांपेक्षा जास्त हिशोबी आहेत, तापमान, उंची, वारा, सगळं वहीत. कोलोराडोतल्या लाँगमाँटसारख्या ठिकाणी जमीनच समुद्रसपाटीपासून ५ हजार फुटांवर आहे, तिथली हवा विरळ, म्हणून पंख जास्त वेगाने उडतो आणि लांब जातो, पण त्याच विरळ हवेमुळे तोच टर्न जास्त उंची खातो. घरच्या मैदानावरचा आकडा तिथे जशाच्या तसा वापरला की संपलं. हे सगळं ज्याला पाठ आहे तो माणूस खाली का आपटतो?

तर चूक वर होते. सुरुवात शंभर फूट खाली झाली, वारा बदलला, टर्न थोडा घाईत झाला. हे टर्नच्या अर्ध्यातच बहुतेकांना जाणवतं, अनुभवी माणसाला तर नक्कीच. तेव्हा सोडलं तर काही होत नाही. पण नजर गेटवर खिळलेली असते, आणि मग जे मध्येच सोडता आलं असतं ते 'खाली काढू' या हिशोबावर पुढे रेटलं जातं. खाली काढायचं म्हणजे मागचे रायझर ओढून पंखाला जबरदस्तीने सपाट करायचं. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त बोलकी वाटते. मागच्या रायझरने सपाट केलं तर पंख कमी वाकतो, वेग कमी मरतो, म्हणजे स्कोर टिकतो, पण जास्त ओढले तर फारशी सूचना न देता पंख स्टॉल होतो, म्हणजे उडायचाच थांबतो, आणि माणूस दगडासारखा पडतो. टॉगल म्हणजे ब्रेक ओढले तर पंख जास्त ताकदीने वर घेतो, जीव वाचण्याची शक्यता जास्त, पण वेग मेला, म्हणजे राउंड गेला. टॉगल त्याच्या हातातच अडकवलेले असतात, शोधायची गरज नाही. म्हणजे जमिनीपासून दीडशे फुटांवर, दोन-तीन सेकंद शिल्लक असताना, स्कोर आणि शरीर या दोन गोष्टी त्याच्या एकाच मुठीत आहेत आणि त्याने ठरवायचंय काय ओढायचं. ठरवायला वेळच नाही, मेंदू तेवढा वेगाने चालत नाही, त्यामुळे जे आधीपासून मनात ठसलेलं आहे तेच हात करतात.

आणि मनात काय ठसलेलं असतं? गेट. १० मीटर रुंद, दीड मीटर उंच. त्या दीड मीटरच्या खालून शरीराचा काहीतरी भाग गेला पाहिजे तरच पुढचं मोजणार, नाहीतर शून्य. डिस्टन्स असो की स्पीड, सुरुवात गेटपासून. स्कोर कसा धरतात, तर राउंडमध्ये जो सगळ्यात चांगला त्याला १०० आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. जागतिक स्पर्धेत साधारण डिस्टन्स, स्पीड आणि झोन ॲक्युरसी, म्हणजे ठरलेल्या जागी अचूक उतरणं, यांचे प्रत्येकी तीन राउंड, एकूण नऊ, सगळ्यांची बेरीज. वरच्या दहा-पंधरा जणांत फरक असतो काही मार्कांचा. आता या नऊमध्ये एक शून्य आणून बघा. तुमची स्पर्धा तिथेच संपली. वर्षभराचा सराव, शेकडो उड्या, खर्च, सुट्ट्या, सगळं त्या एका शून्यात. आणि ते शून्य तुम्हाला मिळालं कशाबद्दल, तर शहाणपणाबद्दल.

उलट जो खाली अडकला पण मागचे रायझर दाबून कसाबसा पाण्यावर छाती घासत गेटमधून निघाला त्याला मार्क मिळतात, चांगले मिळतात. स्कोरकार्डवर तो एक हुशार पायलटच दिसतो. पुढच्या वेळी त्याच्या हातांना काय आठवणार सांगा.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं की खेळ म्हणजे खेळ, चुकलात तर शून्य, त्यात दया कसली. मला हे अजिबात पटत नाही कारण बाकीच्या खेळांकडे बघा ना. लांब उडीत पाय पट्टीच्या पुढे पडला की ती उडी बाद, पण पुढच्या उड्या शिल्लक असतात आणि शेवटी सगळ्यात चांगली एक धरतात. वेटलिफ्टिंगमध्ये तीन प्रयत्न. तिथे चुकलं तर हाड मोडण्याची शक्यता किती, आणि इथे किती? जिथे चूक पुसून टाकायला जागा आहे तिथे फारसा धोका नाही, आणि जिथे चुकीचा अर्थ स्ट्रेचर असू शकतो तिथे मात्र प्रत्येक राउंड बेरजेत. उलटं झालंय हे.

विमानवाल्यांचं उदाहरण जास्त जवळचं आहे. तिकडे लँडिंगचा अप्रोच बिघडला तर गो-अराउंड मारायचा, म्हणजे परत वर जाऊन फिरून यायचं. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनने यावर काम केलंय आणि त्यातला बऱ्याचदा सांगितला जाणारा आकडा असा की बिघडलेल्या अप्रोचपैकी साधारण ९७ टक्के वेळा पायलट तसंच रेटून उतरवतात, फक्त ३ टक्के वेळा गो-अराउंड होतो. ही पगारी, ट्रेनिंग झालेली, मागे शेकडो प्रवासी असलेली माणसं. त्यांनाही सोडवत नाही! म्हणून बऱ्याच एअरलाइन्सनी धोरण केलं की गो-अराउंड केला म्हणून कुणाला जाब विचारायचा नाही. लोकांना 'सावध रहा' सांगून काही होत नव्हतं, मग सोडण्याची किंमत कमी केली. आता पॅराशूटला गो-अराउंड नसतो, इंजिनच नाही, एकदा निघालात की खालीच. पण सोडण्याची खिडकी असते, वर, टर्नच्या पहिल्या भागात, आणि ती लवकर बंद होते. म्हणजे इथे तर सोडणं जास्तच स्वस्त करायला हवं. आपण ते सगळ्यात महाग करून ठेवलंय.

या खेळात याआधी जे बदल खरंच उपयोगी पडले ते सगळे असेच होते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एएडीचं बघा. ती पेटी साधारण ७५० फुटांच्या आसपास माणूस सेकंदाला ३५ मीटरने खाली येतोय असं दिसलं की रिझर्व्ह उघडते. फ्रीफॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी नुसतं पडताना, बेशुद्ध झालेल्या माणसासाठी उत्तम. पण मोठ्या टर्नमध्ये स्वूपरचा वेग त्याच आकड्याला जाऊन भिडायला लागला, म्हणजे चांगलं पॅराशूट डोक्यावर असताना खाली डाइव्हमध्ये रिझर्व्हही बाहेर पडणार, दोन-दोन कापडं, उंची नाही. तेव्हा कंपन्यांनी स्वूपरला 'जरा हळू वळा' म्हणून सोडून दिलं नाही, त्यांनी पेटी बदलली, स्वूपरसाठी वेगळा मोड काढला ज्यात ती जास्त वेगाला उघडते. तसंच उतरण्याच्या जागेचं. २७० च्या टर्नमध्ये पायलटची पाठ बाकीच्या ट्रॅफिककडे जाते, आणि सरळ उतरणाऱ्या माणसावर वरून कुणीतरी शंभराच्या वेगाने येऊन धडकायचं. बरीच वर्षं उपाय काय होता? 'नजर ठेवा.' ठेवत होतेच की. शेवटी अमेरिकेत युएसपीएने आपल्या मेंबर ड्रॉपझोन्सना, म्हणजे उड्या मारायच्या मैदानांना, सांगितलं की वेगाने उतरणारे आणि सरळ उतरणारे यांची जागा तरी वेगळी करा नाहीतर वेळ तरी. माणूस तोच राहिला, लोभ तोच, रचना बदलली.

मग स्कोरिंगलाच हात लावायला एवढा संकोच का.

माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. सोपी म्हणजे नऊपैकी प्रत्येकाचा सगळ्यात वाईट राउंड सोडून द्यायचा, आठ धरायचे. मग एकदा सोडलं तर चालतं. दुसरी जरा किचकट, पण मला जास्त आवडते. ठरलेल्या उंचीच्या वर टर्न सोडला तर तो राउंड शून्य न धरता परत एक उडी द्यायची, फार तर एकदा. आणि ती उंची नंतर डेटावरून तपासायची. फ्लायसाइटसारखी छोटी जीपीएस यंत्रं बरेच स्वूपर सरावात हेल्मेटवर लावतातच, कुठे टर्न चालू केला, किती खाली गेला, कुठे सपाट झाला, सगळी रेघ त्यात येते. आज ती रेघ घरी जाऊन स्वतःचा टर्न सुधारायला वापरतात. उद्या तीच रेघ 'याने वेळेवर सोडलं' याचा पुरावा होऊ शकते.

लगेच लोक म्हणणार की याचा गैरफायदा घेतील. घेतीलच की. वारा आवडला नाही म्हणून वरच सोडतील आणि चांगल्या वाऱ्यात परत मागतील. ही शंका खोटी नाही, म्हणूनच मी एकदाच म्हणतोय. आणि समजा थोडा फायदा घेतलाच कुणी, तर काय झालं त्यात, एका माणसाने शहाणपणाचा गैरफायदा घेतला. एवढा तोटा मला चालेल. विमानाच्या फेऱ्या, वेळ, खर्च हा आक्षेप मात्र खरा आहे, जास्तीची उडी म्हणजे जास्तीची फेरी, आणि आयोजकांचं गणित आधीच तंग असतं, मोठ्या स्पर्धेत हवामानामुळे ठरलेले राउंडसुद्धा कधी कधी पूर्ण होत नाहीत. म्हणून सुरुवातीला पहिला, वाईट राउंड सोडण्याचा उपायच बरा, त्याला एक पैसाही लागत नाही.

तिसरा आक्षेप जास्त जड आहे. जाणकार लोक सांगतात की अरे, स्पर्धेत तरी ठीक असतं, तिथे एकामागून एक सोडतात, वारा मोजतात, खाली तळं आहे, मेडिकलवाले उभे आहेत, मीट डायरेक्टर धोकादायक माणसाला सरळ बसवू शकतो. खरं मोडतात ते ड्रॉपझोनवर, सुट्टीच्या दिवशी, चारशे उड्या झालेली पोरं, ज्यांनी काल व्हिडिओ बघितला आणि आज छोटी कॅनोपी विकत घेतली. तिथे लक्ष द्या, स्पर्धेला कशाला धरता.

यात बरंच तथ्य आहे. नेदरलँड्स, फ्रान्स अशा देशांत उड्यांच्या आकड्याप्रमाणे आणि वजनाप्रमाणे किती छोटी कॅनोपी चालेल याचे तक्ते आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे, जरी उड्यांचा आकडा हे तसं भोंगळ माप असलं तरी. हजार उड्या केलेला माणूस हजार वेळा विमानातून बाहेर पडलेला असतो, पण त्याने हजार वेळा कॅनोपी उडवलेली असेलच असं नाही, फ्रीफॉल संपला की त्याच्यासाठी उडी संपलेली असते, मग नुसतं घरी यायचं. दुसऱ्याने तीनशेच केल्या पण त्यातल्या दोनशे पाच हजार फुटांवरून, लगेच उघडून, फक्त कॅनोपी शिकण्यासाठी. तक्ता दोघांना उलटंच तोलणार. तरीही तक्ता हवा, कारण तो निदान एका उन्मादी शनिवारी 'नाही' म्हणतो.

पण ते चारशे उड्यांचं पोरगं शिकतं कुणाकडून? स्पर्धेकडूनच. कॅनोपी तिथून खाली झिरपते, ड्रेस झिरपतो, शब्द झिरपतात, आणि बरं काय वाईट काय हेही झिरपतं. त्याला दिसतात ते गेटमधून निघालेले आणि आपटून अंगठा दाखवणारे. गेट सोडलेला त्याला कधी दिसलेलाच नाही. त्याच्यासाठी टर्न सोडणं ही क्रिया अस्तित्वातच नाही, त्याचा सराव तर लांबच. खरं तर कुठल्याही चांगल्या कोचला विचारा, सोडण्याचाही सराव करायचा असतो, वर, मोकळ्या उंचीवर, टर्न मध्येच तोडून कॅनोपी कशी सावरते, किती उंची खाते ते बघायचं असतं. किती जण करतात?

आणि तळ्याबद्दल पण बोलायला हवं कारण तळं हा फसवा मित्र आहे. तळ्यामुळे खूप हाडं वाचली हे मान्यच. आडव्या वेगात पाण्यावर घसरलात तर पाणी सोसून घेतं, कोलांट्या होतात, नाकात पाणी जातं, बस. पण पाणी फक्त आडवी चूक माफ करतं. उभ्या वेगाने पाण्यात घुसणाऱ्याला ते जवळपास जमिनीसारखंच लागतं, शिवाय ही तळी उथळ असतात, कमरेएवढी, तळ लगेच. वर सांगितलेला तो अंगठा दाखवणारा माणूस नशिबाने सपाट होत आलेला होता, आठ-दहा फूट आधी लागला असता तर चित्र वेगळं. पण दहा वेळा पाण्याने माफ केलं की अकराव्या वेळी तो जास्त खालून काढायला बघतो, आणि आम्ही काठावर ओरडून त्याला सांगत असतो की मस्त होतं. त्या ओरडण्यात घाबरलेपणाची सुटका असते हे मला कळतं, माणूस जिवंत आहे याचा आनंद असतो. त्याला मात्र ते तसं ऐकू येत नाही.

अपघाताच्या रिपोर्टमध्येही हेच. 'लो टर्न' असं लिहितात आणि फाइल बंद. लो टर्न हे कारण नाही हो, ते वर्णन आहे, म्हणजे बुडालेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये 'पाणी' लिहिण्यासारखं. त्याला कुठे कळलं की आपण खाली आहोत, कळल्यावर किती सेकंद होते, त्या सेकंदांत त्याने सोडलं का नाही, तो कितवा राउंड होता, तो कितव्या नंबरवर होता, आधीच्या राउंडमध्ये शून्य बसलं होतं का, हे कुणीतरी विचारा ना. जीपीएसची रेघ असेल तर ज्यांत कुणी आपटलं नाही अशा टर्नचेही हे प्रश्न विचारता येतील, नावं काढून, आणि मला वाटतं खरा खजिना तिथे आहे, जे थोडक्यात वाचले आणि ज्यांना मार्क मिळाले त्यांच्यात.

सोडण्याची उंची नक्की किती धरायची हा प्रश्न राहतोच. प्रत्येक कॅनोपीला वेगळी, ४५० वाल्याला वेगळी आणि ८१० वाल्याला वेगळी, एक आकडा सगळ्यांना लावला तर मोठा टर्न घेणाऱ्यावर अन्याय होईल, प्रत्येकाला स्वतःचा आकडा आधी लिहून द्यायला लावला तर लोक सोयीचा लिहितील. मला यातला कुठला बरा ते ठरवता येत नाही, हे पायलट आणि जजेसनी बसून भांडून ठरवायचं काम आहे. पण वाईट राउंड सोडायला त्यातलं काहीच लागत नाही, पुढच्या मोसमात एखाद्या छोट्या स्पर्धेने नऊपैकी एक राउंड पुसायचं ठरवावं आणि शेवटी फक्त एवढं मोजावं, किती जणांनी वरच सोडलं.